नाव न विचारलेली माणसे: पेहरावाने मनात घर केलेले अनोळखी

रानजाई

१९९१ च्या उन्हाळ्यात मी मिरजेहून पंढरपूरला निघाले होते. त्या काळी या मार्गावर 'बार्शी लाइट' या जुन्या नावाने ओळखली जाणारी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी धावत असे, आणि तिच्या अरुंद डब्यात समोरासमोर बसलेल्या माणसांचे गुडघे एकमेकांना लागत, त्यामुळे समोरच्याकडे न पाहणे जवळजवळ अशक्यच होते. पंढरपुरात मामांकडे मला पाहायला मंडळी येणार होती. अंगावरची साडी मामीची, ब्लाउज आतेबहिणीचा आणि बांगड्या शेजारच्या काकूंच्या होत्या. खांद्यापासून कमरेपर्यंत इतक्या पिना टोचलेल्या होत्या की धड श्वासही घेता येत नव्हता. वय वर्षे एकोणीस.

कवठे महांकाळला एक बाई चढल्या आणि माझ्या समोर बसल्या. त्या सत्तरीच्या असाव्यात. त्यांनी गर्द हिरव्या रंगाचे इरकली लुगडे काष्टा घालून नेसले होते, डोक्यावरून लाल पदर घेतला होता आणि खणाची चोळी घातली होती. इथवर नवल काहीच नव्हते, कारण आमच्या भागात त्या वयाच्या निम्म्या बायका असेच नेसत असत. नवल होते ते मनगटावर. त्यांच्या उजव्या हातात, हिरव्या काचेच्या बांगड्यांच्या मागे, काळ्या चामडी पट्ट्याचे एचएमटीचे मोठे, पुरुषी घड्याळ होते. पट्ट्याला जास्तीचे भोक पाडून तो त्यांच्या बारीक मनगटावर घट्ट बसवलेला होता. कमरेला पानसुपारीची चंची होती आणि ती चोळीच्याच खणाची शिवलेली होती. चोळी बेतून उरलेल्या तुकड्याची ती चंची, हे कोणाही शिवणकाम करणाऱ्या बाईला चटकन कळले असते.

सांगोल्याला गाडी बराच वेळ थांबली. त्या वेळी बाईंनी घड्याळ हातातून उतरवले, पदराच्या टोकाने काच पुसली, सावकाश किल्ली दिली, कानाशी धरून ऐकले आणि पुन्हा बांधले. डब्यातल्या एका गृहस्थांनी वेळ विचारली तेव्हा त्यांनी "साडेबारा" असे मोघम न सांगता "बाराला वीस अन् आठ मिनिटं" असे सांगितले. आमचे एवढेच ऐकणे-बोलणे. पंढरपूरला त्या माझ्याआधी उतरल्या आणि दोन्ही हात मोकळे ठेवून, पिशवी डोक्यावर घेऊन, गर्दीतून वाट काढत निघून गेल्या.

मला तेव्हा त्यांचा हेवा वाटला होता. माझ्या अंगावर एकही वस्तू माझी नव्हती, आणि त्यांच्या अंगावर एकही वस्तू दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून आलेली दिसत नव्हती. आपल्या भाषेत यासाठी किती नेमके शब्द आहेत, हे पुढे लक्षात आले. ऐट उसनी आणता येते, माझी तेव्हाची तशीच होती. रुबाब दाखवायला समोर कोणी तरी लागते. थाटाला पैसा लागतो. टापटीप मात्र गरिबालाही परवडते आणि ती रोज करावी लागते. डौल या सगळ्यांहून वेगळा आहे. माणसाने एखादी गोष्ट एकदा ठरवून घेतली आणि मग वर्षानुवर्षे तिच्याबद्दल कोणाला स्पष्टीकरण दिले नाही, की तो येत असावा. त्या बाईंच्या घड्याळात तो होता.

(त्या दिवशीचे स्थळ जुळले नाही. विषय तो नाही, पण प्रश्न येणार म्हणून सांगून टाकते.)

तुम्हालाही अशी माणसे भेटली असतील. मला इथे नामवंत नकोत, नात्यातली माणसेही नकोत. ज्यांचे नाव तुम्हाला कधीच कळले नाही, ज्यांच्याशी फार तर एखादे वाक्य बोलणे झाले, पण ज्यांच्या नेसण्या-पांघरण्यातली किंवा वावरण्यातली एखादी गोष्ट इतकी वर्षे टिकून राहिली, अशांबद्दल या धाग्यात खाली प्रतिसाद देऊन लिहावे. रूपाचे वर्णन टाळावे, कारण रूप जन्माने मिळते.

तिसरा डबा

धाग्याचा विषय वाचताक्षणी मला मुंबईच्या लोकलचा मालडबा आठवला. काही वर्षे मी कापडाचे गठ्ठे घेऊन त्या डब्यातून जात असे. कोळणींच्या पाट्याही त्याच डब्यातून जातात, त्यामुळे दुपारच्या परतीच्या वेळी माशांचा वास, रिकाम्या पाट्यांचे ढीग आणि दिवसभराच्या व्यवहारावर मोठ्या आवाजात चाललेल्या चर्चा असे तिथले वातावरण असायचे. नवखा माणूस दाराशी उभा राहून नाक दाबतो आणि पुढच्या स्थानकावर डबा बदलतो.

त्यांतल्या एक बाई मला आजही जशाच्या तशा दिसतात. पोटरीपर्यंतच नेसलेले चापूनचोपून लुगडे, खांद्यावरून घेतलेले वेगळे वस्त्र आणि कानात सोन्याच्या जड कुड्या हा तर कोळणींचा सर्वसाधारण पेहराव झाला. या बाईंचा एक विधी होता. गाडी सुटली की त्या पाटीतून अर्धे लिंबू काढत आणि दोन्ही हातांना, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या खाली ते शांतपणे चोळत. मग बाटलीतल्या पाण्याने दाराबाहेर हात धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून, केळीच्या पानात बांधलेला अबोलीचा गजरा सोडत आणि अंबाड्यावर माळत. सकाळी धंद्याला जाताना त्यांच्या केसांत फूल नसे. ते घरी जातानाच असे.

मी एकदा धीर करून विचारले की धंद्यावर गिऱ्हाईक असते, तेव्हा फूल का माळत नाही. त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक म्हावरं बघतो, मना नाय बघत." आणि पुढे काही बोलल्या नाहीत. इतरांसाठी नटणे आणि स्वतःसाठी नटणे यांतला फरक मला तेव्हा कळला, असे मी म्हणणार नाही. तेव्हा मी ओशाळलो होतो, एवढे नक्की.

खाकी पिशवी

रानजाई, बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांना "बाराला वीस अन् आठ" म्हणणाऱ्या बाईंना माझा नमस्कार सांगा, असे लिहिणार होतो. मग लक्षात आले की निरोप पोहोचवायला पत्ताच नाही.

माझी आठवण लहानशी आहे. पावसाळ्यात वरंधा घाटात आमच्या एसटीचे चाक पंक्चर झाले. हातातल्या यंत्रातून तिकिटे निघण्यापूर्वीचा तो काळ होता, म्हणजे वाहकाकडे चामड्याची पिशवी, तिकिटांची पेटी आणि चिमटा असे. खाली उतरण्याआधी वाहकाने पिशवी पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईंच्या मांडीवर ठेवली, खाकी शर्टाच्या मनगटाची बटणे काढली आणि बाह्यांना प्रत्येकी तीन सारख्या घड्या घातल्या. चालक घाई करत होता, पाऊस कोसळत होता, तरी चौथ्या बोटाने घडी सरळ करूनच तो जॅकला हात लावायला गेला. काम झाल्यावर हात धुऊन त्याने बाह्या पुन्हा उलगडल्या, मनगटाची बटणे लावली आणि मगच "तिकीट राहिलंय का कुणाचं" असे विचारत तो आत आला. बाहीची घडी अशी घालायची, हे मी त्याच्याकडून शिकलो आणि आजही तशीच घालतो.

उंबरठा

धागा वाचनीय आहे, पण त्यात एक धोका आहे, आणि तो मांडल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही. अनोळखी माणसाचे आपल्याला फक्त कपडे दिसतात, ते कपडे त्याच्या अंगावर कसे आले हे दिसत नाही. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या घाटावर लाल आलवण नेसून, डोक्यावरून पदर ओढून, खाली पाहत चालणारी विधवा पाहून एखाद्या प्रवाशाने तिच्या साधेपणाची आणि डौलाची स्तुती केलीही असेल. त्या पदराखाली केशवपन केलेले डोके होते आणि चोळी घालण्याचीही तिला मुभा नव्हती, हे त्याच्या टिपणात आले असते का?

जातीच्या बाबतीत तर पेहराव ही सरळ ओळखपट्टीच होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रहासाठी जमलेल्या स्त्रियांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे सांगितले, त्यात लुगडे नेसण्याच्या पद्धतीचा मुद्दा होता. गुडघ्याशी संपणारे आखूड नेसण आणि गळ्या-हातांतले ते ठरावीक जड दागिने ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाकून द्या आणि पायघोळ नेसा, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या दिवसापासूनच अनेकींनी नेसण बदलल्याच्या आठवणी सांगितल्या जातात. म्हणजे ज्या आखूड लुगड्याला कोणी 'अस्सल' किंवा 'पारंपरिक' म्हणून कौतुकाने पाहील, ते सोडून देणे हीच एका मोठ्या समाजाची शैली ठरली. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात दीक्षेसाठी लोक पांढरी वस्त्रे लेवून आले, त्यामागेही हीच जाणीव होती.

आता माझी आठवण. एका ६ डिसेंबरला दादरला, शिवाजी पार्कच्या कडेला पुस्तकांच्या दुकानांची रांग लागते तिथे, मी एका आजींच्या मागे उभा होतो. पायाच्या घोट्यापर्यंत आलेली पांढरी, निळ्या काठांची सुती साडी त्यांनी नेसली होती. रात्रभर रेल्वेने प्रवास करून आल्याचे त्या शेजारणीला सांगत होत्या, तरी निऱ्यांची इस्त्री मोडलेली नव्हती. ब्लाउजच्या गळ्याशी, जिथे एरवी बायका पिन लावतात तिथे, निळ्या टोपणाचे पेन अडकवलेले होते. त्या पुस्तक विकत घेत, तिथेच उभ्याने पहिले पान उघडत, पेन काढून तारीख आणि स्वतःचे नाव लिहीत, पेन पुन्हा अडकवत आणि पुढच्या दुकानाकडे वळत. तीन पुस्तके त्यांनी माझ्यासमोर घेतली. अक्षर मोठे, सुटे आणि थोडे थरथरते होते, उशिरा लिहायला शिकलेल्या माणसाचे असते तसे. नाव मला दिसले होते, पण मी ते इथे देणार नाही.

त्या पेनाला मी दागिना म्हणतो. परंतु त्यामागे काय आहे हे ठाऊक असल्यामुळेच मला तसे म्हणता येते.

रानजाई

उंबरठा, आपला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि तो वाचून माझीच एक चूक माझ्या लक्षात आली. त्या बाईंच्या हातातले घड्याळ त्यांच्या यजमानांचे असणार, कदाचित ते वारले असतील आणि आठवण म्हणून त्या ते वापरत असतील, असे मी त्या दिवशीच गृहीत धरले होते आणि गेली तीसहून अधिक वर्षे ही गोष्ट सांगताना तसेच सांगत आले. हातात हिरव्या बांगड्या होत्या, हे मी वर स्वतःच लिहिले आहे. त्या काळी आमच्या भागात विधवा बाईच्या हातात हिरव्या बांगड्या दिसल्या नसत्या, म्हणजे यजमान हयात असणार. शिवाय ते घड्याळ त्यांनी स्वतःच्या पैशांनी, दुकानात जाऊन, बायकी नाजूक घड्याळे बाजूला सारून, काटे ठळक दिसतात म्हणून निवडून घेतले नसेल कशावरून? डोळ्यांसमोर पुरावा असून मला तो इतकी वर्षे दिसला नाही. बाईच्या हातात पुरुषाची वस्तू दिसली की ती पुरुषानेच मागे ठेवलेली असणार, एवढेच मला सुचले.

आडवाट

माझे आजोळ बागलकोटकडचे असल्यामुळे इरकलीचा उल्लेख आला की मला राहवत नाही. रानजाई यांनी "लाल पदर" एवढेच लिहून विषय संपवला, पण खरी गंमत तिथेच आहे. हिरव्या लुगड्याला लाल पदर कसा, याचे उत्तर विणकामात आहे. इरकली ज्या इळकल गावची, तिथल्या मागावर अंगाचा ताणा (लांबीचे उभे धागे) वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा असतो. अंग सुती असले तरी पदराचा ताणा रेशमी असतो. हे दोन ताणे एकमेकांत फासे अडकवून जोडले जातात. या जोडणीला टोप-टेणी म्हणतात. त्यामुळे अंगाचा रंग कोणताही असो, पदर लालच राहतो आणि त्यावर पांढऱ्या रंगात देवळाच्या शिखरांसारखी नक्षी उमटते. चोळीचा खण बहुधा जवळच्याच गुळेदगुड्डचा असतो.

आता मिरज आलेच आहे तर मीही तिथलीच आठवण सांगतो. मिरज जंक्शनवर एकेकाळी रुंद, मीटर आणि अरुंद असे तिन्ही मापांचे रूळ येऊन मिळत. एका मापाची गाडी दुसऱ्या मापाच्या रुळांवर जाऊ शकत नाही, म्हणून कोल्हापूरहून येऊन पंढरपूरला निघालेल्या प्रवाशाला तिथे उतरून सगळे सामान दुसऱ्या गाडीत हलवावे लागे. वारीच्या दिवसांत तर हमालांना पाठ टेकायला सवड मिळत नसे.

त्यांतल्या एका हमालाची चुंबळ मी विसरू शकलेलो नाही. लाल सदरा आणि दंडाला पितळी बिल्ला हा सगळ्या हमालांचा सारखाच. डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची चुंबळ मात्र ज्याची त्याची असते, आणि बहुतेकांची ती जुन्या पंचाची किंवा गोणपाटाची असे. याची चुंबळ जुन्या इरकलीच्या पदराची होती. रेशीम विरले होते, पण पांढरी शिखरे अजून दिसत होती, आणि पीळ असा घातला होता की ती शिखरे नेमकी कपाळावर येत. ट्रंक उतरवली की तो ती काढून झटकायचा, शिखरे पुढे येतील अशी फिरवायचा आणि पुन्हा ठेवायचा. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. आजीने त्याला विचारले, "कुणाचं रे लुगडं?" तो म्हणाला, "आईचं." मग मजुरीवरून दोघांची नेहमीसारखी घासाघीस झाली, आणि आजीने अखेर त्याने मागितले तेवढे दिले. तिने मजुरीत हार मानल्याचे मी पाहिलेले ते एकमेव उदाहरण.

उंबरठा यांच्या इशाऱ्याचे मला भान आहे. चुंबळ ही शैली नव्हे, ओझ्याची गरज होती. पण शिखरे कपाळावर आणण्याची गरज नव्हती.

माडावळ

गोव्यातून एक छोटी भर. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना तिथली रेटारेट माहीत असेल. तिथे बऱ्याच वर्षांपूर्वी एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ दर शुक्रवारी दिसायचे. भर मे महिन्यातही फिकट रंगाचा सूट, गळ्यात बो आणि डोक्यावर गवती हॅट. खरेदी मात्र एक फणी केळी आणि थोडी सोलां (आमसुले). तशा पोशाखातली आणखीही काही माणसे तेव्हा गोव्यात होती, त्यामुळे सूटचे अप्रूप नाही. हे गृहस्थ ज्या कोणाशी बोलत, त्याच्यासमोर हॅट उचलत. लाल चौकड्यांचे कापड खांद्यावर गाठ मारून नेसलेल्या, मिरच्या विकणाऱ्या कुणबी बाईसमोर हॅट जेवढी वर जाई, तेवढीच ती बँकेच्या साहेबासमोरही जाई. मी लहानपणी उंची मोजत असे. फरक कधी सापडला नाही.

परभूमी

मी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ राहतो. इथल्या बसमध्ये एक वयोवृद्ध शीख गृहस्थ बरीच वर्षे माझ्या वेळेला असत. पगडी आणि टाय नेहमी एकाच रंगाचे, तेही नुसते मिळतेजुळते नव्हे, तर एकाच ताग्यातून कापल्यासारखे. मरून, गडद निळा, बाटलीचा हिरवा. सोमवारी कोणता रंग असेल याचा मी मनाशी अंदाज बांधत असे. मला ती हौस वाटायची.

एकदा पावसात थांब्यावर आम्ही दोघेच होतो आणि मी रंगांचे कौतुक केले. तेव्हा त्यांनी जवळच्या वुल्व्हरहॅम्प्टनची हकीकत सांगितली. १९६७ मध्ये तिथल्या बससेवेतला एक शीख कर्मचारी पगडी आणि दाढी ठेवून कामावर आला, आणि गणवेशाच्या नियमात ते बसत नाही म्हणून त्याला परत पाठवण्यात आले. मोर्चे निघाले, वाद चिघळत गेला, आणि बंदी उठली ती १९६९ मध्ये. हे गृहस्थ तेव्हा विशीत होते आणि दुसऱ्या एका ठिकाणी नोकरीला होते, त्यांनी केस कापले होते. "नोकरी टिकली," ते हिंदीत म्हणाले, "मग पगडी पुन्हा बांधायला लागलो, तेव्हा ठरवलं की बांधायची तर लोकांनी मुद्दाम पाहावी अशी बांधायची."

त्यानंतर मी रंगांचा अंदाज बांधणे सोडून दिले. तो खेळ माझा नव्हता असे वाटले. उंबरठा यांचा प्रतिसाद वाचताना हेच आठवले, म्हणून लिहिले.

कोरी वही

या धाग्यावर बहुधा सर्वांत लहान मीच असेन, वय चोवीस. वरचे सगळे अनुभव जुने आहेत आणि वाचताना अशी शंका येते की आता अशी माणसे दिसतच नसावीत, सगळे एकाच मोबाइलमध्ये पाहून एकसारखे कपडे घेतात. ही तक्रार मीही करत असे. म्हणून मुद्दाम यंदाची आठवण लिहितो.

पुण्यात आमच्या इमारतीत घरपोच सामान आणून देणाऱ्यांत एक बाई आहेत, चाळिशीच्या असतील. कंपनीचा ठरलेला टी-शर्ट त्यांना घालावाच लागतो. त्या तो साडीवर घालतात. पदर आत खोचून, वर टी-शर्ट, आणि साडी चाकात अडकू नये म्हणून निऱ्या वर ओढून गुडघ्याजवळ एक मोठी पिन. इमारतीतल्या काहींना हे विनोदी वाटते आणि एकाने फोटोही काढला होता, तो मी त्याला काढून टाकायला लावला.

मला त्यात विनोद दिसला नाही, कारण मी यवतमाळकडचा आहे. आमच्याकडे कापूस वेचायला जाणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. उन्हाने हात भाजत नाहीत आणि बोंडांच्या वाळलेल्या टोकांचे ओरखडे बसत नाहीत. माझी आई बाबांचा निळ्या चौकड्यांचा शर्ट घालून वेचायला जायची. त्या शर्टाचे खिसे तिने उसवून काढले होते. नात्यातली माणसे नकोत असा नियम आहे, म्हणून आईबद्दल एवढेच.

या बाईंच्या दुचाकीच्या सीटवर रेक्झिनच्या जागी गोधडी आहे. छोटी, सीटच्या मापाची, खालून नाड्यांनी बांधलेली. जुन्या साड्यांचे तुकडे आणि मध्यभागी कंपनीच्याच फाटलेल्या टी-शर्टचा एक चौकोन, आणि त्या चौकोनातले कंपनीचे चिन्ह मुद्दाम उलटे लावलेले. मी हसून म्हणालो, "ताई, हे उलटं झालंय." त्यांनी माझ्याकडे पाहिले, ओटीपी विचारला आणि जाताना म्हणाल्या, "बसायलाच आहे ते."

तिसरा डबा

कोरी वही, "बसायलाच आहे ते" हे वाक्य वाचून मी खुर्चीतून उठून एक फेरी मारून आलो.

आडवाट

गोधडीचे टाके कसे आहेत हे पाहता आले तर कृपया कळवावे. चौकोनात चौकोन करत मध्याकडे जाणारे आहेत की आडव्या सरळ धावदोऱ्याच्या रांगा आहेत? त्यावरून त्या बाई मूळच्या कोणत्या भागातल्या असतील याचा थोडा अंदाज करता येईल.

कोरी वही

पुढच्या वेळी पाहतो. मात्र त्या दारात अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबत नाहीत, त्यामुळे खाली पार्किंगमध्ये जाऊनच पाहावे लागेल. आणि भाग कोणता, ते मी टाक्यांवरून न ओळखता त्यांनाच विचारले तर चालेल का, असे रानजाई यांना विचारायचे आहे.

रानजाई

चालेल. पण आधी स्वतःचे गाव सांगा आणि मग विचारा. मी सांगोल्याला ते केले नाही.